कपाटातला डॉक्टर

‘डॉक्टर हू’ ही काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची ब्रिटिश विज्ञानमालिका २०२३च्या नोव्हेंबरात साठ वर्षांची झाली. आजोबांनी लहानपणी सोफ्यामागे दडून पाहिलेला डॅलेक हा खलनायक नातवंडांनाही तितकाच ओळखीचा असावा, हे भाग्य फार थोड्या मालिकांना लाभतं. बीबीसीने वाढदिवस मोठ्या मनाने साजरा केला. १ नोव्हेंबरपासून आयप्लेअर या आपल्या सेवेवर तिने मालिकेचे आठशेहून अधिक भाग एकदम खुले केले. साठ वर्षांचा संसार एका जागी आला. पहिली गोष्ट मात्र आली नाही. ‘अ‍ॅन अनअर्थली चाइल्ड’, चार भागांची, जिथून हे सगळं सुरू झालं तीच. तिच्या लेखकाच्या वारसांकडे असलेल्या हक्कांचा करार जुळला नव्हता.

माझ्याकडे ती होती. २००६ साली निघालेल्या ‘द बिगिनिंग’ या डीव्हीडी संचात ती आहे, आणि तो संच पुण्यातल्या माझ्या कपाटात, शब्दकोशांच्या खालच्या फळीवर असतो. ज्या कराराच्या आधारावर ती डिस्क छापली गेली, तो माझ्यापुरता दुकानदाराने पैसे घेतले त्या दिवशीच पुरा झाला. पुढे कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणता करार संपला, कोणती कंपनी कोणी घेतली, यातल्या कशानेही त्या डिस्कवरचं चित्र पुसलं जात नाही.

आवडती विज्ञानमालिका विकत घेऊन घरात ठेवावी, असं मी भेटेल त्याला सांगत असते. आयप्लेअर भारतात चालतच नाही, तेव्हा त्या यादीतल्या उणिवेने माझं स्वतःचं काही अडलं नाही. तरी तिने मला अस्वस्थ केलं. ज्या संस्थेने ही मालिका निर्माण केली, तिलाच साठीच्या दिवशी आपल्या प्रेक्षकांना पहिला भाग दाखवता आला नाही, आणि जगभरच्या हजारो सामान्य घरांत मात्र तो सुखरूप होता. हा उलटा हिशोब मला समजून घ्यायचा आहे.

त्या पहिल्या गोष्टीचे दिग्दर्शक वारिस हुसेन. लखनौत १९३८ साली जन्मलेले; ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे चिरंजीव. लहानपणीच ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला शिकले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांच्या हाती ही नवी मालिका आली. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची. एक तरुण बाई आणि एक तरुण हिंदुस्थानी. बीबीसीच्या त्या वेळच्या वातावरणात दोघंही वेगळी, दोघांकडेही जरा संशयानेच पाहिलं जाई. पहिला भाग त्यांना दोनदा करावा लागला. २७ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत झालेलं चित्रण नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडलं नाही. मग १८ ऑक्टोबरला तोच भाग नव्याने चित्रित झाला आणि २३ नोव्हेंबरला, शनिवारी, लोकांनी पाहिला. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती. त्या गदारोळात तो अनेकांच्या नजरेतून सुटला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवला गेला.

माझ्या संचात नाकारलेला भाग आहे आणि स्वीकारलेलाही आहे.

धाकटी भाची एका सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. ती सगळं मोबाइलवर पाहणारी, एक भाग संपायच्या आत दुसऱ्याची घाई असलेल्या पिढीतली. मी दोन्ही भाग ओळीने लावायला घेतले, तशी म्हणाली, “मावशी, एकच भाग दोनदा कशाला बघायचा?”

“बघ तर खरं,” मी म्हटलं.

पहिल्या चित्रणात कालयानाची दारं नीट बंद होत नाहीत, मध्येच धडधडतात. डॉक्टरच्या अंगावर साधा सूट आहे, आणि त्याच्या बोलण्यात जरब आहे, तुच्छता आहे. दुसऱ्या चित्रणात तो जुन्या एडवर्डियन थाटाच्या कपड्यांत येतो, त्याच्या कडकपणात एक मिश्कील गूढ मिसळतं. भाची सावरून बसली. “अगं, मघाशी हा म्हातारा केवढा तिरसट होता! आणि त्याच्या नातीने मघाशी शतक सांगितलं होतं ना? आता सांगितलंच नाही.”

तिने नेमकं हेरलं होतं. नाकारलेल्या भागात डॉक्टरची नात सुझन आपण एकोणपन्नासाव्या शतकात जन्मल्याचं सांगते. दुसऱ्या वेळी तो आकडा गाळला गेला, आणि ती केवळ दुसऱ्या काळातली, दुसऱ्या जगातली मुलगी उरली. आकडा राहिला असता तर डॉक्टर भविष्यातला एक माणूस ठरला असता. आकडा गेला आणि तो कोण, कुठला, हा प्रश्न मोकळा राहिला. तो टाइम लॉर्ड या परग्रही वंशाचा आहे हे प्रेक्षकांना कळलं थेट १९६९ साली. साठ वर्षं पुरलेल्या मालिकेची जागा त्या एका वाक्याच्या बदलात तयार झाली होती. ते माझ्या भाचीला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. दोन्ही खर्डे शेजारी ठेवल्यावर तिला ते दिसलं. लेखनाचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. स्ट्रीमिंगवर तुम्हाला कलाकृतीचं शेवटचं, सफाईदार रूप मिळतं. ते रूप कसं सापडलं, काय टाकून दिल्यावर सापडलं, ही वाट डिस्कवर जपलेली असते.

त्या रात्री भाचीने आपणहून आणखी एक गोष्ट शोधून काढली. चित्र चालू ठेवून ते करणाऱ्यांचं बोलणं ऐकण्याची सोय. व्हेरिटी लॅम्बर्ट आणि वारिस हुसेन शेजारी बसून स्वतःचं तरुणपणीचं काम पाहत आहेत. कुठे कॅमेरा अडला, कुठे वेळ संपत आला, कुठे वरिष्ठांची भीती वाटली, ते आठवत आहेत. डिस्क २००६च्या सुरुवातीला आली. व्हेरिटी लॅम्बर्ट २००७च्या २२ नोव्हेंबरला गेल्या, मालिकेच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. पहिल्या भागातल्या शिक्षकाचं काम करणारे विल्यम रसेल २०२४ साली गेले. डिस्क काढायची म्हणून कोणीतरी या माणसांना वेळीच बोलावलं, माइकसमोर बसवलं, म्हणून ते बोलणं आज आहे. 

ही मालिका माझ्या मनात रुतून बसली त्याला आणखी एक कारण आहे. ती नाहीशी होता होता वाचली आहे, आणि पुरती वाचलेलीही नाही.

साठच्या दशकात भाग दोन इंची व्हिडिओ टेपवर नोंदले जात. टेप महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होती. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. हवा तो कार्यक्रम घरी हवा तेव्हा पाहता येईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. यातलं प्रत्येक कारण त्या वेळी व्यवहाराला धरून होतं, आणि त्या सगळ्यांनी मिळून टेपा पुसल्या गेल्या. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या फिल्म प्रतीही हक्कांची मुदत सरली तशा नष्ट झाल्या. १९७८च्या सुमारास हे थांबलं. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले होते. त्यांतल्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र आजही सापडलेलं नाही. वारिस हुसेन यांनी सातपैकी सहा भाग दिग्दर्शित केलेली १९६४ची ‘मार्को पोलो’ ही गोष्ट त्यांपैकीच. मंगोल दरबार, गोबीचं वाळवंट, कुब्लाई खान, सगळं गेलं. एका हिंदुस्थानी तरुणाने लंडनच्या स्टुडिओत उभा केलेला आशिया आज केवळ छायाचित्रांत आणि आवाजात उरला आहे.

आवाज उरला, तो का? तेव्हाच्या काही मुलांनी टीव्हीपाशी टेपरेकॉर्डर ठेवून मालिका घरी नोंदवली होती म्हणून. सापडत नसलेल्या प्रत्येक भागाचा आवाज अशा घरगुती नोंदींमुळे शाबूत आहे. ‘द बिगिनिंग’च्या संचात ‘मार्को पोलो’ची अर्ध्या तासाची संक्षिप्त मांडणी आहे, ती या आवाजावर आणि स्थिरचित्रांवरच बेतलेली आहे. १९७१ची ‘द डीमन्स’ ही गोष्ट बीबीसीकडे बव्हंशी कृष्णधवल उरली होती. तिचे रंग १९९२ साली परत आले, ते अमेरिकेतल्या एका चाहत्याने घरी करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगवरून. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ हाँगकाँगहून परतली. २०१३च्या ऑक्टोबरात नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं, ते फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातल्या जॉस शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रातून शोधून आणले होते.

या यादीकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण तिच्यात मला एक नियम दिसतो. मालक एखादी कलाकृती जपतो ती तिच्यापासून काही मिळण्याची आशा असेपर्यंत. तिच्यावर जीव असलेला माणूस ती त्यानंतरही जपतो. पहिल्याचा मी दोष मानत नाही. गोदामाला भाडं असतं, टेपेला किंमत असते. पण म्हणूनच दुसऱ्याच्या घरी एक प्रत असणं गरजेचं ठरतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी उभं आयुष्य वेचलं, गावोगावच्या गोदामांतून रिळं मिळवली. तरी १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्यांनाही मिळाला नाही. कोणाच्याच घरात, कोणाच्याच माळ्यावर तो उरला नव्हता.

जपणं आणि दडवणं यांत फरक आहे, हेही याच कहाणीने शिकवलं. नायजेरियातल्या त्या साठ्यात ‘द वेब ऑफ फिअर’चा तिसरा भागही आपण पाहिला होता, असं मॉरिस सांगतात. फिल्म लंडनला पोचेपर्यंत तो वाटेत नाहीसा झाला, बहुधा कोणा खाजगी संग्राहकाच्या तिजोरीत गेला. जगात एकच प्रत असते तेव्हा मालकीला अशी हाव सुटते. डिस्कच्या मालकीत हा धोका नाही. माझ्याकडची प्रत दुसऱ्या कोणाला वंचित करत नाही. उलट एकसारख्या हजारो प्रती हजारो घरांत असल्या, की आग, पूर, दिवाळखोरी, करारभंग, कशानेही त्या सगळ्या एका दिवशी जात नाहीत.

टेपा पुसण्याचा काळ संपला, असं म्हणून निश्चिंत व्हावं, तर गेल्या काही वर्षांचा अनुभव तसं होऊ देत नाही. ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’चा चौथा हंगाम २०२१च्या १८ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. दोनच दिवस आधी जाहीर झालं की अमेरिका-कॅनडाबाहेरच्या प्रेक्षकांना तो नेटफ्लिक्सवर दिसणार नाही, आणि आधीचे तीनही हंगाम तिथून उतरले. भारतातल्या चाहत्यांसाठी मालिका रातोरात दिसेनाशी झाली. हक्क परत घेणाऱ्या कंपनीची सेवा इथे सुरूच झालेली नव्हती. २०२२च्या डिसेंबरात ‘वेस्टवर्ल्ड’ ज्या एचबीओने बनवली, तिच्याच सेवेवरून काढली गेली. २०२३च्या जूनमध्ये पॅरामाउंटने ‘स्टार ट्रेक : प्रॉडिजी’ ही मुलांची मालिका आपल्या सेवेवरून हटवली, ती पुढे नेटफ्लिक्सने घेतली म्हणून पुन्हा दिसू लागली. त्याच वर्षी ३१ मार्चला आपल्याकडे हॉटस्टारवरून एचबीओचा सारा संग्रह उतरला. यामागेही व्यवहाराला धरूनच कारणं आहेत: कलाकारांना द्यावं लागणारं मानधन, करांतली सवलत, हक्क दुसऱ्याला विकण्यात असलेला नफा. साठच्या दशकातली कारणं वेगळी होती, परिणाम तोच. प्रेक्षकाचं त्या मालिकेवर किती प्रेम आहे, हा त्या हिशोबातला रकानाच नाही.

आणि मालिका जागेवर असली तरी ती तीच असेल याची खात्री नसते. मूळ ‘स्टार ट्रेक’ १९६६ ते १९६९ या काळात झाली, ७९ भागांची. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली, आणि स्पॉक या पात्राचे टोकदार कान महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. त्यातलं एन्टरप्राइज हे यान म्हणजे अकरा फूट लांबीची प्रतिकृती. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २००६पासून या मालिकेतली सगळी अवकाशदृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. ज्यांनी ती केली त्यांचं मूळ मालिकेवर प्रेम होतं, काम नेटकं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण प्रतिकृतीवर पडलेला दिव्याचा प्रकाश, यान कॅमेऱ्यापुढून सरकताना जाणवणारं त्याचं वजन, दोन फिल्म एकावर एक छापताना उमटलेली कड, हे सगळं १९६६च्या हातांचं काम होतं. त्या माणसांनी किती साधनांत किती साधलं, हे मला पाहायचं असतं. स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी नवी दृश्यंच येतात. ब्लू-रे डिस्कवर दोन्ही आहेत, आणि रिमोटच्या एका बटणावर मी एकीतून दुसरीत जाऊ शकते. निवड माझ्याकडे राहते. अभिजात कलाकृतीची डागडुजी व्हावी, जरूर व्हावी. जुनी प्रत शेजारी ठेवून व्हावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

विज्ञानमालिकेच्या बाबतीत तर चित्राच्या गुणवत्तेचा मुद्दा इतर मालिकांहून जास्त बोचतो. तिचा अर्धा पडदा काळा असतो. अवकाश, तारे, यानाची अंधारी मार्गिका, धुक्यातून पुढे येणारी आकृती. इंटरनेटवरून चित्र पाठवताना त्यातली माहिती दाबून कमी करावी लागते, आणि ती कमी करताना पहिला बळी अंधाराचा जातो. अंधारातले सूक्ष्म फरक डोळ्याला कळणार नाहीत, असं गृहीत धरून ते एकाच छटेत सपाट केले जातात. मग काळ्याकडून निळ्याकडे हळूहळू जाणाऱ्या आकाशात पट्टे उमटतात, धुक्याचे चौकोन होतात, बारीक तारे हलत्या दृश्यात विरून जातात. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वापरता येते. फुल एचडी स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स ५ मेगाबिट वेगाची जोडणी पुरेशी मानते. आधुनिक संक्षेपतंत्र हुशार आहे, तेवढ्यातही ते पुष्कळ भागवतं. पण एखाद्या कॅमेरामनने मुद्दाम राखलेला अंधार अंधारासारखा दिसायला हवा असेल, तर ती तफावत डोळ्यांना जाणवते.

‘बॅबिलॉन ५’ची गोष्ट या सगळ्यांहून गुंतागुंतीची आहे. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ती दूरचित्रवाणीवरची कादंबरी म्हणून कल्पिली. आरंभ, मध्य आणि शेवट आधी ठरवलेली, पाच वर्षांची एक कथा. १९९४ ते १९९८ या काळात तिचे ११० भाग झाले, त्यांतले ९२ त्यांनी स्वतः लिहिले. पहिल्या वर्षी एका भागात, नाहीसं झालेलं आधीचं, चौथं अवकाशस्थानक एकाएकी परत दिसतं आणि पुन्हा जातं. तो प्रसंग अर्धवट वाटतो. त्याची दुसरी बाजू उलगडते तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा पहिल्या वर्षीचं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं. अशा कथेला मागे जाणारा प्रेक्षक लागतो. मी तिसऱ्या वर्षाची डिस्क काढून पहिल्याची लावते, ते दृश्य पुन्हा पाहते, पुन्हा पुढे येते. जाड कादंबरी वाचताना आपण बोट घालून ठेवतो आणि मागची पानं चाळतो, ते सुख इथे मिळतं. पुढचा भाग आपोआप सुरू करणारं, श्रेयनामावली संपण्याआधीच चित्र लहान करणारं यंत्र मला मागे वळू देत नाही. त्याला मी पुढे जायला हवी असते.

याच मालिकेने डिस्कच्या मर्यादाही दाखवल्या. माणसांची दृश्यं रुंद चौकटीचा विचार करून फिल्मवर घेतली होती. अवकाशातल्या लढाया मात्र संगणकांवर, जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारासाठी तयार झाल्या होत्या. २००२ ते २००४मध्ये डीव्हीडी निघाल्या तेव्हा सगळी मालिका रुंद केली गेली. त्यासाठी संगणकी दृश्यांचे वरचे-खालचे भाग कापले, उरलेलं ताणलं, आणि नेमक्या लढायाच धूसर झाल्या. २०२१मध्ये मालिका मूळ चौकोनी आकारात नव्याने साफ केली गेली, आणि २०२३च्या डिसेंबरात तशी ब्लू-रेवर आली. म्हणजे माझ्या जुन्या संचातलं चित्र उणं आहे, हे मी मान्य करते. तरी तो मी टाकलेला नाही. रुंद चौकटीत माणसांच्या आजूबाजूला जे दिसतं ते नव्या प्रतीत नाही, आणि नव्या प्रतीतल्या लढाया जुनीत नाहीत. दोन पाठ आहेत. तुकारामांच्या गाथेच्या प्रतींतले पाठभेद ताडून पाहणाऱ्या मराठी वाचकाला, जुना पाठ का ठेवायचा, हे मी काय सांगावं?

डिस्क अमर आहे असंही मी म्हणत नाही. वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००८च्या दरम्यान काढलेल्या काही डीव्हीडी आतून खराब होत असल्याचं २०२५ साली त्या कंपनीने मान्य केलं. उत्तम प्लेअर बनवणाऱ्या ओप्पोने २०१८मध्ये ते बनवणं थांबवलं. मुंबईत काळा घोडा इथलं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६मध्ये बंद झालं, आणि डिस्क हातात घेऊन, मागचा मजकूर वाचून विकत घेण्याची एक मोठी जागा गेली. ब्रिटिश डीव्हीडी दुसऱ्या विभागाची, भारताचा विभाग पाचवा. सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर लॅमिंग्टन रोडवर विचारत फिरावं लागतं. पैसा लागतो, जागा लागते. स्ट्रीमिंगमुळे सांगोल्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला, जिच्या गावात अशी दुकानं कधीच नव्हती, एका महिन्याच्या वर्गणीत जगभरच्या मालिका पाहता येतात. हा फार मोठा लाभ आहे आणि मी त्याला नाकं मुरडणार नाही. मीसुद्धा नवी मालिका आधी तिथेच पाहते.

पण पाहणं आणि ठेवणं या दोन वेगळ्या गरजा आहेत. पाहण्यासाठी स्ट्रीमिंग पुरतं. जी मालिका पाहून झाल्यावरही सुटत नाही, जिच्याकडे दहा वर्षांनी परत यावंसं वाटेल, जिच्यामुळे आपल्या विचाराला वळण लागलं, ती ठेवावी लागते. आणि ठेवलेली वस्तूच दुसऱ्याला देता येते. वर्गणीचा पासवर्ड घराबाहेर द्यायला कंपन्यांनी मनाई केली आहे. माझी डिस्क मी कोणालाही देऊ शकते. मराठी माणसाला हे नवं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. एकाने विकत घेतलेलं पुस्तक शंभरांनी वाचायचं, या कल्पनेवर आपली वाचनसंस्कृती उभी राहिली. ग्रंथालयाने पुस्तक विकत घेतलं की ते प्रकाशक परत मागत नाही, मुदत संपली म्हणून फळीवरून उतरवत नाही. त्या निश्चितीशिवाय एकही ग्रंथालय उभं राहिलं नसतं. मालिकांची अशी ग्रंथालयं आपल्याकडे फारशी झाली नाहीत. ती व्हायला हवीत, आणि ती केवळ विकत घेतलेल्या प्रतींवरच होऊ शकतात.

खरेदीचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. ‘डॉक्टर हू’चे जुने भाग ज्या बारकाईने साफ झाले, काही कृष्णधवल फिल्ममध्ये दडलेल्या रंगाच्या खुणा वाचून पुन्हा रंगीत झाले, ते काम डीव्हीडी निघणार होत्या आणि लोक त्या घेत होते म्हणून झालं. याउलट ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चं मूळ फिल्मवरून मेहनतीने केलेलं पुनरुज्जीवन ब्लू-रेवर अपेक्षेइतकं खपलं नाही, आणि ‘डीप स्पेस नाइन’च्या वाट्याला तसं काम आजवर आलेलं नाही. तिच्या फिल्म अजून साफ होण्याची वाट पाहत आहेत. आपण एक संच घेतो तेव्हा एका मालिकेच्या पुढच्या आयुष्याला हातभार लावतो, आणि घेत नाही तेव्हाही काही ठरवतोच.

भाची परत जाताना ‘द बिगिनिंग’चा संच मागून घेऊन गेली. तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना तिला ते दोन खर्डे दाखवायचे होते. कोणाकडे तरी लॅपटॉपला जोडायचा जुना ड्राइव्ह निघाला, आणि तिथे काही मुलींनी, एरवी ज्यांच्यापर्यंत १९६३ कधी पोचलं नसतं, वारिस हुसेन यांचं काम पाहिलं. साठीच्या समारंभात जे अधिकृत सेवेला जमलं नाही, ते एका डिस्कने कोणाची परवानगी न घेता, कोणाचा हक्क न मोडता केलं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आवडत्या सगळ्या मालिका घ्यायची गरज नाही. आपल्याला खरोखर घडवलेली एक निवडावी. तिची चांगली प्रत शोधावी, दमट कपाटात न ठेवता कोरड्या जागी उभी ठेवावी, अधूनमधून लावून पाहावी. आपल्यामागे ती कोणाला द्यायची, हेही सांगून ठेवावं. आणि कोणी मागितली तर विश्वासाने द्यावी. कलाकृती वाचवण्याचं काम आजवर ज्यांनी केलं, त्यांतल्या कितीतरी जणांकडे ना संस्था होती ना अधिकार. त्यांच्या घरात ती होती, आणि त्यांनी ती फेकली नाही. एवढं आपल्यालाही करता येतं.